संप, फाटक आणि दगड
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

संप आणि रस्त्यावरची गडबड या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : संप सुरू होतो पगारवाढीसाठी आणि पंधरा दिवसांत बसच्या काचा फुटतात. आमचे अधिकारी म्हणतात, सगळी पुढाऱ्यांची चिथावणी. भाषण ऐकून माणूस खरंच दगड उचलतो का? (सोलापूर)

भाषणांनीच दंगल होत असती, तर १९२८ सालीच मुंबई पेटायला हवी होती. त्या एप्रिलमध्ये बंद पडलेल्या गिरण्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडल्या. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. डांगे, मिरजकर, जोगळेकर, आळवे, कासले हे कामगार पुढारी सभांवर सभा घेत होते आणि ती भाषणं काही मवाळ नव्हती. सुरुवातीला एकदा गोळीबार झाला, फाटकांवर झटापटी झाल्या. पण एवढ्या मोठ्या आणि लांबलेल्या संपाच्या मानाने शहर शांत राहिलं.

याचं कारण साधं आहे. प्रत्येक कामगाराला आपण कशाला नाही म्हणतोय हे माहीत होतं. विणकराने दोनऐवजी तीन साचे (माग) चालवायचे, कातणखात्यातल्याने यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या, आणि त्यातून जे हात रिकामे होतील त्यांना घरी पाठवायचं, अशी मालकांची योजना होती. त्यावर १७ मागण्यांची यादी होती, मवाळ ना. म. जोशींपासून लाल बावट्यापर्यंत, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनपर्यंत, सगळ्यांची संयुक्त संप समिती होती, धान्यवाटप होतं. बरेच जण सरळ कोकणात, घाटावर आपापल्या गावी निघून गेले. रिकाम्या पोटाची गर्दी नाक्यावर उभी राहिली नाही. याचं महत्त्व फार थोड्यांच्या लक्षात येतं.

दंगल झाली ती संप मिटल्यावर, फेब्रुवारी १९२९ मध्ये. तिच्या पायऱ्या नीट बघा. सहा महिने पगार नव्हता म्हणून कर्ज वाढलं होतं. गिरणगावात पठाण सावकार रुपयाला महिना एक आणा व्याजाने पैसे देत. एक आणा ऐकायला किरकोळ वाटतो. वर्षाचा हिशेब केला तर ते ७५ टक्के होतात. पगाराच्या दिवशी हा सावकार काठी घेऊन फाटकाशी उभा. त्यातच डिसेंबर १९२८ मध्ये शिवडीकडच्या तेल कंपन्यांत संप झाला आणि संपवाल्यांच्या जागी पठाण कामावर घेतले गेले. म्हणजे सावकारही तोच आणि संपफोड्याही तोच. मग चाळीचाळींतून अफवा फिरली, की बडोद्याकडे पूल बांधताहेत, पायाभरणीत बळी द्यायला मुलं लागतात आणि ती पठाण पळवतात. पहिले हल्ले दिसेल त्या पठाणावर झाले. मार खाणाऱ्यांत व्याजाशी काही संबंध नसलेले गरीब पठाण होतेच. काही दिवसांत त्याचं हिंदू-मुसलमान दंगलीत रूपांतर झालं आणि शंभराहून अधिक माणसं मेली.

सरकारी चौकशी समितीने लाल बावट्याच्या भाषणांवरही ठपका ठेवला. आमचं मत वेगळं आहे. भाषणं वर्षभर चालूच होती. नवं काय आलं होतं? रोज डोळ्यांसमोर दिसणारा एक शत्रू आणि चोवीस तासांत शहरभर पसरणारी अफवा. भाषणाने राग वाढतो, यात शंका नाही. पण त्याला पत्ता मिळतो तो बहुतेकदा अशा बदली भरतीने आणि अफवेने. म्हणून तुमच्या अधिकाऱ्यांना सांगा, पुढाऱ्याच्या भाषणाचं रेकॉर्डिंग करण्याआधी बाहेरून आणलेल्या माणसांची बस कुठल्या फाटकातून आत जाते ते बघा.

प्रश्न : टिळकांच्या शिक्षेनंतर गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या, हे शाळेपासून वाचत आलो. हा खरंच कामगारांचा संप होता, की राजकीय बंद? (डोंबिवली)

दोन्ही. २२ जुलै १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि २३ पासून सहा दिवस गिरण्या बंद राहिल्या. लष्कर आलं, गोळीबार झाले. लेनिननेही त्याच वर्षी आपल्या लेखात त्याची दखल घेतली.

पण तेव्हा संप पुकारणारी युनियनच नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या गिरणी कामगार संघटनेने १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली होती, तरी आजच्या अर्थाने वर्गणी, सभासद, शाखा असं काही नव्हतं. मग गिरण्या बंद कशा झाल्या? एका गिरणीतले लोक बाहेर पडत, घोळक्याने शेजारच्या गिरणीपाशी जात, फाटकावर दगड मारत, आतले बाहेर येत, आणि घोळका मोठा होऊन पुढच्या गिरणीकडे जाई. निरोप पोचवायला दुसरं साधनच नव्हतं म्हणून दगड आला. मुकादमांचा वाटाही मोठा होता, कारण भरती त्यांच्या हातात होती.

टिळक हे निमित्त होतं, पण नुसतं निमित्त नव्हे. गिरण्यांत विजेचे दिवे आले तसा कामाचा दिवस लांबत गेला होता. पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा कायद्याने आली ती १९११ मध्ये. गावाकडून आलेल्या मराठी कामगाराला टिळक आपले वाटत होते आणि गिरणीतला जाच रोजचा होता. एकाने दुसऱ्याला वाट करून दिली.

प्रश्न : १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकर कुठे होते? ते संपाच्या विरुद्ध होते असं कुणी सांगतं, कुणी म्हणतं डांग्यांबरोबर होते. (औरंगाबाद)

दोन्ही गोष्टी खऱ्या, सालं वेगळी. गिरणीत सर्वांत बरा पगार साचेखात्यात होता आणि अस्पृश्य कामगाराला तिथे शिरकाव नव्हता. कारण धोट्यात (मागावर आडवं सूत नेणारं साधन) सुताची नवी कांडी घातली, की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाई, आणि सवर्ण विणकरांना तो विटाळ वाटे. आंबेडकरांनी विचारलं, तुमच्या मागण्यांत हे का नाही? संप समितीला उत्तर देणं जड गेलं. १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला.

तेच आंबेडकर ७ नोव्हेंबर १९३८ ला डांग्यांच्या बरोबरीने संपात उतरले. खेर मंत्रिमंडळाच्या औद्योगिक कलह विधेयकाने संपाआधी समेटाची लांबलचक बोलणी सक्तीची केली होती आणि ती संपण्याआधी केलेला संप गुन्हा ठरणार होता. त्या दिवशीही गोळीबार झाला. या सगळ्यातला धडा असा : ज्या संपात कामगारांतलेच काही जण आपल्याला यात काय मिळणार असं विचारत राहतात, तिथे फाटकावरची पहिली मारामारी कामगार विरुद्ध कामगार अशीच होते.

प्रश्न : १९८२ मध्ये मुंबईत पोलीसच संपावर गेले होते, असं वडील सांगत. त्याचा गिरणी संपाशी काही संबंध होता का? (परळ)

होता, पण कट म्हणून नव्हे, शेजार म्हणून. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार आणि त्यांच्या पुढे कामगार नेते दत्ता सामंत. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे बोलणी करायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार सामंतांच्या मागे, सही मात्र संघाची. कामगाराने ज्याला निवडलं त्याच्याशी बोलायचं नाही, ही तिढ्याची गाठ होती आणि ती कधी सुटलीच नाही. तो संप औपचारिकपणे आजवर मागे घेतलेला नाही.

पोलिसांची तक्रार वेगळी होती : पगार, घरं, वरिष्ठांच्या घरची कामं, आणि आपल्या संघटनेची मान्यता. १५ ऑगस्टला त्यांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टच्या पहाटे केंद्रीय दलांनी नायगाव, वरळीच्या पोलीस वसाहतींना वेढा घातला, पुढाऱ्यांना अटक झाली, काहींना बडतर्फ केलं गेलं. शिपाई रस्त्यावर आले. लोकल अडवल्या गेल्या, दुकानं लुटली गेली, बस जाळल्या, लष्कर बोलवावं लागलं. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. नायगाव आणि वरळी म्हणजे गिरणगावच. शिपाई आणि साचेवाला एकाच मुलखातून आलेले, एकाच बाजारात भाजी घेणारे. गिरणी कामगार तोवर सात महिने बिनपगारी होता. बंदोबस्तावरचा माणूसच नाहीसा झाला तेव्हा नाक्यावरच्या गर्दीला अडवणारं कुणी उरलं नाही. त्या गर्दीत कामगार होते, तसे लुटीसाठी आलेलेही होते. दोघांना एकाच मापाने मोजू नये.

प्रश्न : आमच्या प्लांटमध्ये मॅनेजमेंट म्हणतं, युनियन नसेल तर भानगडच नाही. (चाकण)

कर्नाटकातली दोन उदाहरणं त्यांना वाचायला द्या.

१२ डिसेंबर २०२०, कोलार जिल्ह्यातलं नरसापूर. आयफोन जुळवणाऱ्या विस्ट्रॉन कंपनीच्या कारखान्यात पहाटे पाळी बदलताना कामगारांनी तोडफोड केली. बहुतेक जण ठेकेदारांमार्फत आलेले. ऑक्टोबरपासून पाळी बारा तासांची झाली होती, हजेरीची यंत्रणा मात्र त्या बदलाला तयार नव्हती. त्यामुळे केलेले तास धरले जात नव्हते आणि पगार कमी किंवा उशिरा पडत होता. तक्रार करायची तर ठेकेदार कंपनीकडे बोट दाखवणार, कंपनी ठेकेदाराकडे. नंतर कंपनीनेच काहींचे पगार चुकल्याचं मान्य केलं आणि अ‍ॅपलने तिला नवं काम देणं थांबवलं. एक युनियन असती, तर दोन महिन्यांपूर्वीच कुणीतरी हजेरीचा कागद घेऊन केबिनमध्ये गेलं असतं.

दुसरं, एप्रिल २०१६, बेंगळुरू. १० फेब्रुवारीच्या अधिसूचनेने भविष्यनिर्वाह निधीतला (पीएफ) मालकाचा वाटा ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही, असं ठरवलं. तयार कपड्यांच्या कारखान्यातली बाई दर दोन-चार वर्षांनी कारखाना बदलते आणि मधल्या काळात पीएफ काढून मुलीचं लग्न, घरभाड्याची अनामत भागवते. तिच्याकडे दुसरी बचत नाही. १८ आणि १९ एप्रिलला हजारो बायका होसूर रस्त्यावर आणि पीण्या या औद्योगिक भागात उतरल्या, कुणीही हाक न देता. बस जळल्या, एका पोलीस ठाण्यावर हल्ला झाला. १९ तारखेलाच केंद्राने नियम मागे घेतला. दिल्लीतल्या बाबूंना पीएफ म्हणजे म्हातारपणाची सोय वाटत होती, हा सगळा घोळ त्यातून झाला.

प्रश्न : नव्या कायद्याप्रमाणे संपाची नोटीस कशी द्यायची? कुठे चुका होतात? (वाळूज)

औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पूर्वी नोटिशीची सक्ती फक्त सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना होती, आता सगळ्यांना आहे. संपाआधी किमान १४ दिवस नोटीस द्यायची आणि दिल्यापासून ६० दिवसांच्या आत संप करायचा. ६० दिवस उलटले, तर नवी नोटीस.

सर्वांत जास्त लोक फसतात ते पुढच्या टप्प्यावर. नोटीस मिळाल्यावर सरकारचा समेट अधिकारी दोन्ही बाजूंची पहिली बैठक घेतो त्या दिवसापासून समेटाची कारवाई सुरू झाली असं धरतात. ती चालू असताना आणि संपल्यावर ७ दिवस संप करता येत नाही. नोटीस देऊन पंधराव्या दिवशी फाटकाबाहेर बसलात आणि बैठक बाराव्या दिवशी झाली असेल, तर तुमचा संप बेकायदा. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं, तर ते चालू असताना आणि नंतर ६० दिवस तीच बंदी. म्हणून बैठकीची तारीख आणि समेट संपल्याची तारीख कागदावर घ्या, अहवालाची प्रत मागून घ्या, आणि दिवस बोटांवर न मोजता कॅलेंडरवर खुणा करून मोजा.

नोटीस ठराविक नमुन्यात हवी. मालक, समेट अधिकारी आणि कामगार विभाग यांना प्रत द्या आणि पोच घ्या. मागण्या आकड्यांत लिहा. 'योग्य पगारवाढ' असं लिहिलंत, की समोरचा तीन टक्क्यांनाही योग्य म्हणेल. बोलणी करणारी युनियन ठरायला ५१ टक्के कामगार लागतात. कुणाकडेच तेवढे नसतील, तर परिषद बनते आणि २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी मिळतो. तुमची पटसंख्या आधी तपासा.

आणखी एक सापळा म्हणजे सामूहिक रजा. एकाच दिवशी ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी किरकोळ रजा टाकली, तर तोही संपच. बेकायदा संपात भाग घेतला तर १,००० ते १०,००० रुपये दंड, किंवा महिनाभर कैद, किंवा दोन्ही. चिथावणी देणाऱ्याला दंड १०,००० ते ५०,०००.

प्रश्न : संपाच्या दिवसांचा पगार कापतात हे समजतं. पण आमचा आठ दिवसांचा जादा कापला. हे चालतं का? (अंबरनाथ)

वेतन संहितेत तशी तरतूद आहे : दहा किंवा जास्त जण एकजुटीने, करारात लागणारी सूचना न देता आणि वाजवी कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर गैरहजेरीशिवाय आठ दिवसांपर्यंतचं वेतन कापता येतं. तुम्ही सूचना दिली होती का, आणि तशी सूचना द्यायची अट तुमच्या करारात आहे का, हे दोन कागद शोधा. एकातही तुमची बाजू बसली, तर कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज करा.

प्रश्न : २०२१-२२ चा एसटी संप पाच महिने चालला आणि शेवटी एका नेत्याच्या घरावर चपला आणि दगड गेले. तेही न्यायालयाचा निकाल आल्यावर! का? (सांगली)

मागणी एसटी महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणाची होती. पगारवाढ मागितली, तर पाचाऐवजी तीन हजारांवर तोड निघते. विलीनीकरणात मधला आकडा नाही. ऑक्टोबरच्या शेवटी महागाई भत्ता मान्य झाल्यावर संघटना थांबायला तयार होत्या, डेपोतले लोक नव्हते. नोव्हेंबरात मूळ पगारात सेवेनुसार ५,०००, ४,००० आणि २,५०० रुपयांची वाढ जाहीर झाली, तरी संप सुरूच राहिला. मान्यताप्राप्त संघटना बाजूला पडल्या होत्या. आत्महत्या झाल्या होत्या, घरोघर हप्ते थकले होते. ७ एप्रिल २०२२ ला उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी शरद पवारांच्या 'सिल्व्हर ओक'वर जमाव गेला.

संप सुरू होतो तो दिवस धोक्याचा, असं पोलीसही मानतात आणि चुकतात. पाच महिने ताणलेला माणूस हात हलवत परत जायला निघतो, तो आठवडा खरा धोक्याचा. संप मागे घेण्याची सभा डेपोडेपोत, उजेडात घ्यावी. काय मिळालं याचा छापील कागद प्रत्येकाच्या हातात द्यावा. कारवाया मागे घेण्याचं लेखी आश्वासन आधी मिळवावं. नुसतं 'लढा सुरूच राहील' म्हणून लोकांना मैदानावर सोडून देणं म्हणजे पुढाऱ्याने अंग काढून घेणं.

प्रश्न : आम्ही साडेतीनशे-चारशे कामगार आहोत. संप लांबला तर लोक बिथरू नयेत आणि मोर्चात गडबड होऊ नये, यासाठी नेमकं काय करायचं? (नाशिक)

आधी पोट. चार माणसांच्या घराला महिन्याला निदान १५ किलो धान्य, ३ किलो डाळ, २ लिटर तेल धरा. ४०० घरांना ते ६ टन धान्य, १,२०० किलो डाळ आणि ८०० लिटर तेल होतं. याचा घाऊक भाव आजच काढा आणि दोन महिन्यांची रक्कम संपनिधीत आहे का बघा. नसेल, तर संपाची तारीख पुढे ढकला. भाग्याने जमेल असं म्हणून चालत नाही. शिधावाटप एकाच ठिकाणी, ठरल्या वारी, सही घेऊन करा. घरभाडं आणि फायनान्सचे हप्ते ज्यांचे जड आहेत, त्यांची वेगळी यादी ठेवा. पहिल्यांदा फुटतात ते तेच, आणि त्यांच्यावर दातओठ खाऊन उपयोग नाही.

मोर्च्याला पोलिसांची परवानगी लेखी घ्या. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी चालू आहे का, हे आदल्या दिवशी पुन्हा विचारा. ५० माणसांमागे एक स्वयंसेवक, म्हणजे ४०० ला आठ, शिवाय पुढे दोन आणि शेपटाला चार. गडबड नेहमी शेपटाला होते; पुढचे फलक धरून चालतात, मागचे कंटाळलेले असतात आणि बाहेरची पोरं मागूनच घुसतात. स्वयंसेवकाच्या दंडाला फीत, हातात दोर, खिशात सगळ्यांचे नंबर. घोषणा ठरवून द्या. उन्हाचा मोर्चा असेल, तर पाण्याचा टेम्पो मध्ये ठेवा. सभा लांबवू नका, पांगायची वाट आणि वेळ आधी जाहीर करा. दारू पिऊन आलेल्याला घरी पाठवा, मग तो कितीही निष्ठावान असो.

अफवेसाठी दोन माणसं वेगळी नेमा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आपल्या माणसाला आत मारलं' असा निरोप आला, की त्या माणसाला किंवा त्याच्या घरी प्रत्यक्ष फोन करायचा आणि दहा मिनिटांत खरं-खोटं गटावर टाकायचं. उशीर झाला, की फाटकावर शंभर माणसं गोळा झालेलीच असतात.

बदली कामगारांची गाडी आली, तर बोलायला दोघेच पुढे जातील, बाकीचे रस्त्याच्या पलीकडे. गाडीला हात लावायचा नाही. पाच किंवा जास्त जणांचा बेकायदा जमाव ठरला आणि समान उद्देशाने एकाने दगड मारला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० प्रमाणे बाकीचेही त्या गुन्ह्यात येतात. 'मी नुसता उभा होतो' हे मग न्यायालयात सिद्ध करत बसावं लागतं. दगड उडाला, की स्वयंसेवकाने शिट्टी वाजवायची, सगळ्यांनी ठरलेल्या बाजूला निघायचं, आणि किती वाजता निघालो त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा. व्हिडिओत घड्याळ किंवा दुकानाची पाटी दिसली पाहिजे.